दगडांतील जुन्या पाण्याचा माग
वणी–पांढरकवडा भागांतील आमच्या भूगर्भ-प्रवासाची हकीकत

विहीर खणावयास निघालेला शेतकरी पहिला प्रश्न विचारतो, तो 'पाणी किती हातांवर लागेल?' हा. दुसरा प्रश्न विचारतो, तो 'किती पुरेल?' हा. परंतु 'हें पाणी कोणत्या वाटेनें आलें, वाटेंत त्यानें कोणकोणते दगड चाटले, आणि काय काय विरघळवून बरोबर आणलें?' हा तिसरा प्रश्न आपल्यापैकीं फारच थोडे लोक विचारतात. हा तिसरा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हें आम्हांस यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागांत नुकत्याच केलेल्या तीन दिवसांच्या प्रवासांत चांगलेंच कळून आलें. तेथें जें पाहिलें व जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रवासाचें कारण प्रथम सांगितलें पाहिजे, कारण त्यांत आमचीच एक चूक कबूल करावयाची आहे. कांहीं वर्षांपूर्वीं याच मासिकांतून आम्हीं सभासदांस असा सल्ला दिला होता कीं, उघड्या विहिरीचें पाणी गढूळ व रोगकारक असतें. सबब ज्यास शक्य असेल त्यानें खोल बोअर घ्यावा, कारण जितकें खोल तितकें पाणी शुद्ध. हा सल्ला पटकी-हगवणीपुरता खरा होता. परंतु तो सर्वत्र लागू आहे असें आम्हीं गृहीत धरलें. पुढें पांढरकवड्याकडील एका सभासदानें आमच्या कचेरींत येऊन शांतपणें विचारलें, "तुमच्या सांगण्यावरून बोअर केला. पानी त लागलं, पन पोराचे दात पिवये झाले. आतां काय करावं?" त्या वेळीं आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तें शोधण्याकरितां कापसाची दुसरी वेचणी आटोपतांच आम्ही आठ सभासद जीपगाडींतून निघालों. भूगर्भशास्त्राचे एक अनुभवी अध्यापक वाटाड्ये म्हणून बरोबर होते. आम्ही सर्व त्यांस गुरुजी म्हणत असूं.

निघण्यापूर्वींच गुरुजींनीं बजावलें कीं, "आजचें पाणी दिसत नाहीं, तें खालीं वाहतें. पण कोट्यवधि वर्षांपूर्वीं जें पाणी या खडकांतून गेलें, त्याच्या खुणा डोळ्यांस दिसतात. आधीं त्या वाचावयास शिकूं, मग विहिरीकडे वळूं." प्रवासाचा क्रम याच धोरणानें आंखला होता.

वणीचा वाळूचा दगड

पहिला मुक्काम वणीस होता. १९०५ पर्यंत सबंध जिल्हाच वणीच्या नांवानें ओळखला जात असे, हें वृद्ध वाचकांनीं आपल्या वाडवडिलांकडून ऐकलें असेल. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणानें झांकलेला आहे. परंतु वर्धा व पैनगंगा यांच्या संगमाकडे जातांना हें काळें पांघरूण विरतें आणि त्याखालचे फार जुने थर उघडे पडतात. त्यांत कोळसा आहे, वाळूचा दगड आहे, चुन्याचा दगड आहे. या थरांपैकीं कोळशाच्या मालिकेस भूगर्भशास्त्रांत 'गोंडवन' हें नांव मिळालेलें आहे, आणि तें आपल्याच मुलखांतील गोंडांच्या राज्यावरून आलें, ही अभिमानाची गोष्ट होय. वर्धा खोऱ्यांतील या कोळशाचें पद्धतशीर वर्णन थिओडोर ह्यूज यांनीं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातर्फे १८७७ सालीं प्रसिद्ध केलें.

एका ओढ्याच्या कांठावर वाळूच्या दगडाची पुरुषभर उंचीची दरड होती. दगड मूळचा पांढुरका. परंतु त्यावर तांबडे व जांभळे पट्टे, लांकडाच्या कापावर दिसणाऱ्या वलयांसारखे, एकाबाहेर एक असे उमटलेले होते. आमच्यापैकीं एकानें तर्क केला कीं, नदीनें कधीं पांढरी तर कधीं तांबडी वाळू आणून टाकली असावी. गुरुजींनीं त्यास पट्ट्यांवर बोट फिरवावयास सांगितलें. तसें करतां असें आढळलें कीं, वाळूचे थर जवळजवळ आडवे आहेत, पण तांबडे पट्टे त्यांस तिरपे छेदून जातात. थर बसतांनाच रंग आला असता, तर तो थराबरोबर आडवा राहिला असता. थरांस न जुमानतां जो रंग जातो, तो मागाहून आलेला. आणि त्यास आणणारें वाहन म्हणजे पाणी.

ही क्रिया आपल्या घरींहि घडते. कांहीं हातपंपांचें पाणी भरतांना स्वच्छ दिसतें, आणि घागरींत तासभर राहिलें कीं तांबूस होऊन तळाशीं गाळ बसतो. हवेपासून दूर असलेल्या पाण्यांत लोह विरघळून राहतें. हवेंतील प्राणवायु मिळतांच त्याचा गंज बनून तो खालीं बसतो. वाळूच्या दगडांतहि तसेंच झालें. लोह विरघळविणारें पाणी दगडाच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू सरकत गेलें, आणि जेथें त्यास प्राणवायुयुक्त पाणी भेटलें, तेथें तांबडी रेघ उमटली. अमेरिकेच्या युटा प्रांतांत याच्या उलट प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडलेला आहे. तेथें मूळच्या तांबड्या वाळूच्या दगडांतून खनिज तेल व वायु यांचा अंश असलेलीं द्रव्यें गेलीं, आणि त्यांनीं लोह धुऊन नेल्यामुळें दगडाचे मोठमोठे भाग फिके पडले. तेथील शास्त्रज्ञ त्या फिक्या भागांवरूनच जुन्या प्रवाहांचा मार्ग आंखतात.

दगडांतून पाणी किती वेगानें जातें, याचा नियम फ्रान्सांतील दिजों शहराचा पाणीपुरवठा उभारणाऱ्या आंरी दार्सी या अभियंत्यानें १८५६ सालीं प्रयोगानें बसविला. उतार जितका अधिक आणि छिद्रें जितकीं मोकळीं, तितका प्रवाह अधिक, असा त्याचा आशय आहे. उतार थोडा आणि छिद्रें बारीक असलीं, तर पाण्यास एक कोस जावयास शेंकडों, प्रसंगीं हजारों वर्षेंहि लागतात. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

चुन्याच्या दगडांतील पांढऱ्या शिरा

दुसरे दिवशीं आम्ही राजूर पाहून मुकुटबनकडे गेलों. राजूर हें गांव कोळसा व चुना या दोहोंसाठीं प्रसिद्ध आहे. मुकुटबनकडील चुन्याचा दगड कोळशापेक्षांहि कितीतरी जुना. पृथ्वीवरील जीवसृष्टि अद्याप समुद्रांत आणि बहुतांशीं सूक्ष्म रूपांत होती, त्या काळीं तो समुद्रतळाशीं बसला. हा दगड करडा व घट्ट असून पाण्यास सहजासहजीं वाट देत नाहीं. परंतु त्यांत जागोजाग भेगा पडलेल्या आहेत, आणि त्या भेगा पांढऱ्या स्फटिकमय पदार्थानें भरून निघालेल्या आहेत. गुरुजींनीं त्यावर सौम्य तेजाबाचे दोन थेंब टाकतांच तो फसफसला. तो शुद्ध चुनखडीचा स्फटिक होता.

पावसाचें पाणी हवेंतून व मातींतून कर्बवायु घेतें आणि त्यामुळें त्यास चुना विरघळविण्याची शक्ति येते. तें पाणी भेगेंतून वर येऊं लागलें, त्यावरील दाब कमी झाला आणि वायु निसटला, कीं चुना परत खालीं बसतो. चहाच्या किटलीच्या आंत बसणारा पांढरा थर ज्या कुळांतला, त्याच कुळांतल्या या शिरा. कांहीं ठिकाणीं एक शीर दुसरीस कापून गेलेली होती. कापणारी ती मागाहूनची, कापली गेलेली ती आधींची, हा साधा न्याय लावून आम्हीं एकाच दगडांत तीन निरनिराळ्या वेळचीं पाणीं मोजलीं. वहीखात्यांतील नोंदींवर मागाहून मारलेली रेघ जशी ओळखतां येते, तसाच हा प्रकार होय.

येथें गुरुजींनीं जी गोष्ट सांगितली, तिचें आम्हांस सर्वांत अधिक आश्चर्य वाटलें. असा स्फटिक वाढत असतांना त्याच्या पोटांत मूळ पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब कोंडले जातात आणि कोट्यवधि वर्षें तसेच राहतात. पुष्कळ थेंबांत एक बुडबुडाहि असतो. स्फटिकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून हळूहळू तापविला, तर एका विशिष्ट उष्णतेस बुडबुडा नाहींसा होतो, आणि त्यावरून स्फटिक बनतेवेळीं पाणी निदान किती ऊन होतें, याचा अजमास करतां येतो. ही युक्ति इंग्लंडांतील हेन्री सॉर्बी यांनीं १८५८ सालीं प्रसिद्ध केली. तेव्हां त्यांची पुष्कळ थट्टा झाली, परंतु आज जगभर तीच पद्धत वापरली जाते.

काळ्या पाषाणाचे फोड

तेथून आम्ही झरी-जामणी तालुक्यांतील शिबला-पारडी येथें गेलों. रस्त्याच्या कामाकरितां खोदतांना तेथें काळ्या पाषाणाचे बहुकोनी खांब उघडे पडले, आणि २०२१ सालीं त्यांची बातमी सर्वत्र पसरली. कोणी पुरातन मंदिराचे अवशेष म्हणावें इतके ते रेखीव आहेत. परंतु ही निसर्गाचीच घडण होय. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्ह्याचे जे पूर लोटले, त्यांतील रस निवतांना आकसला आणि उन्हाळ्यांत काळी जमीन जशी भेगाळते तसा तडकला. मात्र तडे खोलवर सरळ गेल्यामुळें खांब बनले. खांबांमधील हे तडे पुढें पाण्याच्या वाटा झाले.

जवळच एका नव्या विहिरीचा दगड काढून टाकलेला होता. आमचें लक्ष खांबांपेक्षां त्या ढिगाऱ्याकडेच अधिक गेलें. त्यांतील कांहीं दगड फोडांनीं भरलेले होते. लाव्ह्यांतील वायु बाहेर पडतांना हे फोड राहतात. कांहीं फोड रिकामे. कांहींत प्रथम हिरवें अस्तर, त्यावर पांढरे, पंख्यासारखे पसरलेले स्फटिक, आणि मध्यभागीं चुनखडी. आपण शेतांतून ज्या गारगोट्या वेंचून बांधावर टाकतों, त्यांतील पुष्कळशा अशाच फोडांतून सुटलेल्या असतात. हा दगड निवत असतांना व निवाल्यावरहि त्याच्या भेगांतून ऊन पाणी फिरत राहिलें. त्यानें दगडांतील द्रव्यें विरघळविलीं आणि फोडांत नेऊन बसविलीं. कोणतें द्रव्य आधीं बसलें व कोणतें मागाहून, हें बाहेरून आंत वाचीत जावें.

या पांढऱ्या खनिजांच्या कुळास झिओलाइट म्हणतात. त्यांच्या सोबतीस अपोफिलाइट नांवाचें एक चकचकीत खनिज दख्खनच्या पाषाणांत पुष्कळ ठिकाणीं सांपडतें, आणि त्याच्या घटकांत फ्लोरीन असतो. हें नांव ऐकतांच आमच्या सभासदांपैकीं एकानें मान वर केली. कारण मुलांच्या दातांचा जो रोग आम्हांस येथवर घेऊन आला होता, त्याचें मूळहि फ्लोरीनच होय. तेव्हां गुरुजींनीं सावध केलें कीं, एकाच खनिजास दोषी ठरवूं नये; फ्लोरीन अनेक खडकांत अल्प प्रमाणांत असतो. प्रश्न असा आहे कीं, तो दगडांतच कां राहत नाहीं, पाण्यांत कां उतरतो.

दोन विहिरी

याचें उत्तर तिसऱ्या दिवशीं पांढरकवड्याजवळच्या त्या सभासदाच्या वाडींत मिळालें. तेथें जुनी दगडी बांधाची विहीर आहे आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर खोल बोअर आहे. बोअर झाल्यापासून विहिरीकडे कोणी फिरकत नसे. तिच्यांत पालापाचोळा पडला होता. गुरुजींनीं दोन्हींचें पाणी लहान शिशांत घेऊन त्यांत गुलाबी रंगाचें परीक्षाद्रव्य घातलें. विहिरीचें पाणी गुलाबीच राहिलें. बोअरचें पाणी पाहतां पाहतां पिवळें झालें. पिवळें होणें म्हणजे फ्लोराइड मर्यादेबाहेर असणें. त्या घरची आई दारांत उभी राहून हें पाहत होती. ती म्हणाली, "म्हंजे आजेसासऱ्याची विहीरच बरी होती." आम्हीं कोणीहि त्यावर बोललों नाहीं.

गुरुजींनीं मग जमिनीवर काडीनें आकृति काढून कारण समजावून दिलें. उघळ विहिरींत येणारें पाणी बहुधा गेल्या दोन-चार पावसाळ्यांचें. त्यांत चुन्याचा अंश पुरेसा असतो. फ्लोरीन व चुना यांची गांठ पडली कीं दोहोंचा न विरघळणारा संयोग होऊन फ्लोरीन आपोआप जखडला जातो. परंतु पाणी खोल उतरलें, आणि दार्सीच्या नियमाप्रमाणें तेथें दीर्घकाळ रेंगाळलें, म्हणजे त्याचा चुना वाटेंत गळतो. कांहीं भेगांत पांढऱ्या शिरांच्या रूपानें बसतो, कांहीं चिकणमातीचे कण ओढून घेतात व बदल्यांत सोडियम देतात. असें पाणी जिभेस मऊ लागतें, त्यांत साबण लवकर फेंसाळतो, डाळहि लवकर शिजते, आणि म्हणूनच लोकांस तें आवडतें. पण चुन्याचा पहारा उठल्यामुळें त्यांत फ्लोरीन मोकळा फिरतो. मुकुटबनच्या शिरा आणि शिबल्याचे भरलेले फोड हे प्राचीन पाण्यानें मागें टाकलेल्या चुन्याचेच सांठे होते. तीच क्रिया आपल्या पायाखालीं आजहि चालू आहे.

पाणी किती खोल जाऊन परत येऊं शकतें, याचें उदाहरण पैनगंगेपलीकडेच आहे. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांतील उनकेश्वरचें कुंड बारमाही ऊन असतें, आणि त्वचारोग जावे म्हणून लोक तेथें स्नानास जातात. जमिनींत दर किलोमीटरास साधारणतः २५ ते ३० अंशांनीं उष्णता वाढते. तेव्हां असें पाणी बरेंच खोल उतरून, मोठ्या भेगेच्या वाटेनें त्वरेनें वर आलेलें असलें पाहिजे.

हा केवळ एका वाडीचा प्रश्न नाहीं. पांढरकवडा भागांतील भूजलाचा एक अभ्यास 'करंट सायन्स' या नियतकालिकांत २००७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत कांहीं नमुन्यांत दर लिटरास १३ मिलिग्रॅमपेक्षांहि अधिक फ्लोराइड नोंदलेलें आहे. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत तें १ मिलिग्रॅमपर्यंत असावें, आणि दुसरी सोय नसेल तर फार तर दीड मिलिग्रॅम चालवून घ्यावें. याहून अधिक पाणी वर्षानुवर्षें पोटांत गेल्यास प्रथम मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. प्रमाण फार असल्यास पुढें सांधे आंखडतात आणि हाडें वांकतात. दांतांवर एकदां आलेला डाग पाणी बदलल्यानें जात नाहीं. म्हणून काळजी बालपणींच घ्यावी लागते.

शेतीसहि हें मऊ पाणी अपायकारक आहे. सोडियम काळ्या जमिनीच्या चिकण कणांस चिकटला, कीं ते फुगतात व एकमेकांपासून सुटतात. जमीन ओली असतां राड होते, वाळली कीं दगडासारखी, आणि पाणी आंत मुरत नाहीं. पाणी तपासतांना 'अवशिष्ट सोडियम कार्बोनेट' म्हणून एक आंकडा देतात. तो लिटरास सव्वा मिलिइक्विव्हॅलंटच्या आंत असेल तर चिंता नाहीं. अडीचच्या वर असेल तर असें पाणी नित्य ओलितास वापरूं नये.

आमच्या सूचना

आमचा पूर्वीचा सल्ला आम्ही मागें घेतों आणि त्याऐवजीं पुढील गोष्टी सभासदांपुढें ठेवतों.

पहिली, जुनी विहीर बुजवूं नये. ती उपसून, कठडा बांधून, तोंड झांकून, उकिरडा व गोठा यांपासून दूर राखावी आणि पिण्याचें पाणी गाळून व उकळून घ्यावें. उकळल्यानें जंतु मरतात. फ्लोराइड मात्र कमी होत नाहीं, उलट पाणी आटल्यानें त्याचें प्रमाण वाढतें. म्हणून बोअरचें दूषित पाणी उकळून प्यावें, असा समज कोणी करून घेऊं नये.

दुसरी, प्रत्येक बोअरचें पाणी पिण्यास वापरण्यापूर्वीं तपासून घ्यावें. १९७२ सालीं स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे नमुना द्यावा, आणि फ्लोराइड व ओलितास लागणारे आंकडे अशा दोन्ही तपासण्या मागाव्या.

तिसरी, ज्या गांवीं दुसरें पाणीच नाहीं, तेथें तुरटी व चुना यांनीं फ्लोराइड काढण्याची रीत उपयोगी पडते. ती नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें शोधून काढली असून 'नलगोंडा पद्धति' या नांवानें प्रसिद्ध आहे. मात्र औषधाचें माप पाण्याप्रमाणें बदलतें; म्हणून जाणत्याच्या देखरेखीखालींच ती करावी.

चौथी, पावसाचें पाणी विहिरीच्या आसपास मुरवावें. बांध, चर व शेततळें यांच्या योगानें वरच्या थरांत जितकें नवें, चुनायुक्त पाणी उतरेल, तितकी खोल व जुन्या पाण्यावरील आपली भिस्त कमी होईल.

पांचवी, विहीर खणतांना निघालेला दगड फेंकून देण्यापूर्वीं एकवार पाहावा. कोणत्या खोलीवर कोणता थर लागला, फोड रिकामे होते कीं भरलेले, भेगा उघड्या होत्या कीं पांढऱ्या शिरांनीं बंद झालेल्या, याची नोंद वहींत करावी. भरलेल्या भेगेंतून पाणी येत नाहीं. जुन्या पाण्यानें आपल्या मागें दार लावून घेतलेलें असतें. अशा नोंदी गांवोगांव जमल्या, तर शेजाऱ्याच्या विहिरीचा खर्च वांचेल.

परत निघतेवेळीं त्या सभासदाच्या वाडींत चार माणसें जुनी विहीर उपसावयास लागलीं होतीं. काढलेला गाळ काळा व घाण होता, पण खालच्या झऱ्याचें पाणी निवळ दिसत होतें. तें निवळ्यावर नमुना पुन्हां तपासावयाचा ठरला आहे, आणि निकाल काय येईल तो अनुकूल असो वा प्रतिकूल, याच पृष्ठांत छापण्याचें आम्ही वचन दिलें आहे.